तळोबाची बारव: रोगाचा देव आणि त्याचा गुप्त पंथ कसा रचावा

मंडळी, समोर दोन प्रकारची माणसं बसलेली आहेत. काही मराठीत अद्भुत कादंबरी लिहू पाहतात, काही टेबलाभोवती मित्र जमवून भूमिकांचे खेळ, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन मिळून गोष्ट पुढे न्यायचे खेळ, चालवतात. दोघांनाही कधी ना कधी रोगाचं, कुजण्याचं एक दैवत लागतं आणि त्याला लपूनछपून मानणारा एक पंथ लागतो. लिहायला बसलं की हे दैवत एकाच साच्यातून बाहेर पडतं. हिरवट कातडी, घोंगावणाऱ्या माश्या, काळे झगे घातलेले पुजारी आणि जगाचा नाश करणं एवढाच त्यांचा कार्यक्रम. दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाचक कंटाळतो, कारण शहाणासुरता माणूस या देवाच्या नादी का लागेल, हे लेखकानंच ठरवलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की देव नंतर घडवा, आधी रोग घडवा. तो शरीरात कुठून शिरतो, किती दिवस दडून बसतो, कुठून बाहेर पडतो आणि एकदा होऊन गेला की पुन्हा होतो का, या चार प्रश्नांची उत्तरं पक्की करा. देवाचा स्वभाव, त्याचे सण, त्याचं सोवळंओवळं, पंथाची गुपितं आणि शेवटी त्याचा पाडाव, हे सगळं त्या चार उत्तरांतून निघतं.

जुन्या लोकांनीही रोगाला देवत्व दिलं, पण बहुतेक ठिकाणी त्याला घरात ठेवून घ्यायची तयारी नव्हती. अथर्ववेदात तक्मन् नावाचा ताप आहे. पाचव्या कांडातल्या सूक्तात त्याला हात जोडून सांगितलं जातं की बाबा, तू गंधारींकडे जा, मूजवंतांकडे जा, अंगांकडे, मगधांकडे जा. रोमन लोकांनी फेब्रिस या तापाच्या देवीला देवळं बांधली. पिकावर तांबेरा पाडणाऱ्या रोबिगस देवाला ते २५ एप्रिलला कुत्र्याचा बळी देत, तो कशासाठी, तर त्यानं गव्हाकडे पाहू नये म्हणून. महाभारतातली मृत्यूची कथा मला या सगळ्यांत मोठी वाटते. ब्रह्मदेव मृत्यूला स्त्रीरूपात निर्माण करतो आणि माणसं मारायचं काम सोपवतो. ती रडते, नको म्हणते. तिचे अश्रू तो ओंजळीत धरतो आणि त्याच अश्रूंचे पुढे रोग होतात. मारणारीलाच मारायचं दुःख आहे, आणि त्या दुःखातून रोग जन्मतो. असा एक विचार तुमच्या देवामागे असेल तर हिरव्या कातडीची गरज उरत नाही.

आपल्याकडची मरीआई तुम्हाला ठाऊक आहे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लहानसा गाडा करायचा, त्यात देवीची मूर्ती, नैवेद्य, हळदकुंकू ठेवायचं आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा. पुढचं गाव तो आपल्या शिवेवरून पुढे ढकलायचं. मरीआईचं ठाणंही बहुधा वेशीबाहेर असतं. ही उपासना उघड आहे, सगळ्या गावाची आहे, आणि तिचा अर्थ आहे: आई, तू पुढं जा. गुप्त पंथ नेमका याच्या उलट्या दिशेनं चालतो. गाव ज्याला शिवेबाहेर काढतं, त्याला हे लोक रात्री आत घेतात. तुमच्या कथेतला पहिला धक्का इथे आहे, तो नीट वापरा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. पोतराज, आराधी, वाघ्या-मुरळी ही आपल्या आसपासची खरी माणसं आहेत, आणि त्यांच्या वाट्याला आधीच पुष्कळ अवहेलना आलेली आहे. पोतराजाचा आसूड आणि कमरेला बांधलेली चिरगुटं उचलून तुमच्या दुष्ट पंथाला घालू नका. त्यानं कथा अस्सल होत नाही, आळशी होते, आणि एका समाजावर डाग पडतो. आपली प्रथा आपण घडवावी. तिला लागणारा माल मराठवाड्यात भरपूर आहे.

आता एक देव अथपासून इतिपर्यंत रचून पाहू. त्याला तळोबा म्हणू. बारवेच्या तळाशी राहणारा. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव आहे, चारठाण्याची आहे, आणि मराठवाड्यात गावोगाव अशा पायऱ्यांच्या विहिरी आहेत. आडातून पाणी काढताना माणूस वर उभा राहतो आणि पोहरा खाली जातो. बारवेत माणूस स्वतः खाली जातो, पायऱ्या उतरतो, पाण्यात पाय बुडवतो, ओंजळीनं पितो, घागर भरतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तो आणखी खोल उतरतो. माणूस आणि पाणी यांची ही गाठ ज्या रोगाला अगदी हवी तशी मिळते, तो रोग म्हणजे नारू.

नारू आता आपल्या देशात नाही, पण महाराष्ट्रासकट अनेक राज्यांनी तो पिढ्यान्पिढ्या सोसला. त्याचं चक्र लक्ष देऊन ऐका, कारण त्यातली एकेक पायरी म्हणजे तुमच्या पंथाचा एकेक विधी आहे. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जलपिसू असतात, भांडं उजेडात धरलं तर ठिपक्यासारखे हलताना दिसतील एवढे. त्यांच्या पोटात नारूची अळी असते. पाणी प्यायलं की जलपिसू आपल्या जठरात मरतो, अळी सुटते, आतड्याची भिंत भेदून आत शिरते. पुढे नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो, मादी वाढत राहते. या काळात माणसाला काहीही होत नाही. साधारण १० ते १४ महिन्यांनी मादी कातडीखाली येते, बहुतेक वेळा पोटरीला, घोट्याला किंवा पावलाला. ती ६० ते १०० सेंटीमीटर लांब असते आणि जाडीला शेवईएवढी. तिथे फोड येतो आणि आग होते. ती आग अशी असते की माणूस गार पाण्याकडे धाव घेतो. पाय पाण्यात बुडाला की फोड फुटतो आणि मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. जलपिसू त्या खातात. जलपिसवाच्या पोटात सुमारे दोन आठवडे गेले की अळी पुढच्या माणसासाठी तयार होते.

आता हे सगळं पंथाच्या नजरेनं पाहा. वर्षभर देव अंगात वस्तीला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. मग एके दिवशी तो हाक मारतो, आणि हाक ऐकलेल्या माणसाला बारवेकडे गेल्याशिवाय राहवत नाही. पुजाऱ्यानं काहीही खोटं बोलायची गरज नाही, कारण अनुभव खरा आहे. माझ्या मते चांगल्या कल्पित धर्माची कसोटी हीच. भक्ताला जे जाणवतं ते खरंखुरं घडलेलं असावं, चूक फक्त त्याच्या अर्थात असावी.

यातून पंचांग आपोआप तयार होतं. चैत्र पौर्णिमेला ज्यांचे फोड टरारले आहेत ते पाण्यात उभे राहतात. या विधीला उतरण म्हणू. त्याच दिवशी नव्या माणसानं पाणी प्यायलं तर काहीच होणार नाही, कारण अळी अजून तयार नाही. म्हणून दीक्षा अमावास्येला ठेवायची, मधले पंधरा दिवस देव मुरतो असं पंथानं मानायचं. पुजाऱ्यांना जलपिसू ठाऊक नसतील, पण पिढ्यांच्या अनुभवानं पंधरवड्याचं अंतर ठाऊक असेल. दीक्षा घेतलेल्यांपैकी बहुतेकांचे फोड पुढच्या वर्षी चैत्र-वैशाखाच्या आसपास येतील. कुणाचा दहाव्या महिन्यात, कुणाचा चौदाव्या. मध्ये अधिक मास आला तरी हिशेब सांभाळला जातो. ज्याचा आधी येईल तो त्या वर्षीचा मानकरी. एकाच माणसाला एकाहून अधिक नारू निघू शकतात, त्याचा मान त्याहून मोठा. काहींच्या अंगात किडा बाहेर न पडताच मरतो आणि चुनखडीसारखा कडक होतो, सांध्यापाशी असला तर गुडघा आखडतो. अशांना पंथात मुके म्हणू द्या. देव त्यांच्यात आला, पण बोलला नाही. कथेतला सगळ्यात धोकादायक माणूस मला या मुक्यांमध्ये दिसतो. आयुष्यभर निष्ठा ठेवूनही ज्याला खूण मिळाली नाही, तो काय करेल याचा विचार करा.

काय करायचं नाही, हेही रोगाच्या वाटेवरूनच ठरतं. तळोबाचं पाणी गाळायचं नाही, देवाला चाळणी लावायची नाही. पोहऱ्यानं शेंदायचं नाही, स्वतः उतरूनच घ्यायचं. उकळायचं नाही. नारू ओढून काढायचा नाही, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. हा शेवटचा नियम तर शरीरशास्त्राला धरूनच आहे. नारू रोज काही सेंटीमीटर एवढाच निघतो, पूर्ण निघायला कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि घाईनं ओढून तुटला तर आत राहिलेला तुकडा सुजतो, पू होतो, जखम चिघळते. म्हणजे पंथाकडे एक खरं कौशल्य आहे. गावातल्या कुणालाही नारू निघाला तर तो नीट काढून देणारं माणूस पंथाचंच असणार. लोक त्याला दुवा देतील. त्या काड्या पंथ जपून ठेवतो, आणि हीच तुमच्या शोध घेणाऱ्या पात्राला सापडणारी पहिली वस्तू. देवळीत ओळीनं ठेवलेल्या, दोरा गुंडाळावा तशा वाळक्या शिरा गुंडाळलेल्या काड्या.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. माणूस यात का जाईल? भीतीनं जाईल, हे उत्तर पुरेसं नाही. भीतीनं माणूस एकदा येतो, दरवर्षी येत नाही. नारू माणसाला सहसा मारत नाही, पण आठवडेच्या आठवडे लंगडा करून बसवतो. आणि आपल्या चैत्र-वैशाखाच्या हिशेबानं तो नेमका मशागतीच्या, मृगाच्या पेरणीच्या तोंडावर बसवतो. कोरडवाहू शेतकऱ्याचं एक नक्षत्र चुकलं की वर्ष गेलं. इथे पंथ उभा राहतो. तुझा पाय गेला आहे ना, तुझं रान आम्ही पेरू. गावाकडे इर्जिक असते, सावड असते, तीच पंथानं बांधून घेतलेली. ज्याच्या अंगात देव बोलतोय त्याच्या रानात बाकीच्यांनी औत घालायचं, बी मोघडायचं, त्याच्या घरी पायलीभर ज्वारी पोचवायची. पुढच्या वर्षी पाळी बदलेल. दुष्काळात तर याला सोन्याचं मोल आहे. १९७२ सारख्या वर्षी ज्याच्या पाठीशी चाळीस घरं आहेत तो तरतो. तळोबा रोग देतो आणि माणसंही देतो. एकट्या पडलेल्या विधवेला, तुकडा गेलेल्या धाकट्या भावाला, गावात नव्यानं आलेल्या बिऱ्हाडाला हा सौदा परवडण्यासारखा वाटला, तर तुमचा पंथ उभा राहिला.

स्वतःला ते उतरलेले म्हणतील, बाकीच्या गावाला काठावरचे. नावं इतकी साधीच ठेवा. पार्थिव-विनाशक-महामंडल अशा नावाचा पंथ शिवारात एक दिवसही टिकणार नाही. वेशभूषेवरही वेळ घालवू नका. धोतर, बंडी, मुंडासं, लुगडं, एवढं पुरे.

गुप्ततेबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त कच्चेपणा तिथे राहतो. शहरातल्या कटांवरून उचललेली रचना अशी असते की पाच-सात जणांचं एक टोळकं, आणि प्रत्येकाला वरचा एकच माणूस माहीत. शहरात, सैन्याच्या छावणीत ते जमतं. रोमन साम्राज्यात मिथ्र देवाचे उपासक गुहेसारख्या छोट्या दालनांत जमत, त्यांच्या दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या. त्याआधी, ख्रिस्तपूर्व १८६ मध्ये रोमच्या सिनेटनं बॅकस या मद्याच्या देवाच्या गुप्त उत्सवांवर निर्बंध घातले तेव्हा परवानगीनंही एका वेळी पाचांहून जास्त लोकांनी जमू नये असं ठरवलं, त्यात पुरुष दोन आणि बाया तीन. राज्यसंस्थेला कशाची धास्ती वाटते हे त्या आकड्यावरून कळतं. पण आपल्या गावात ही रचना चालायची नाही. इथे प्रत्येक जण प्रत्येकाचा सोयरा, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोण कुठून किती वाजता आलं हे ठाऊक. कोण पंथात आहे, हे गावापासून लपवता येत नाही. म्हणून लपवायचा तो अर्थ.

ते असं. अमुक माणसं दर उन्हाळ्यात बारवेतला गाळ काढतात, पायऱ्या साफ करतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पुण्याचं काम आहे, गाव त्यांना जेवण घालतं. ती रात्री तिथे थांबतात, हेही माहीत आहे. काय पितात आणि कशासाठी पितात, एवढंच माहीत नाही. पायावरच्या खुणेनं कुणी ओळखू येईल म्हणावं, तर नारूचा वण निम्म्या गावाच्या पायावर आहे. सर्वांना होणाऱ्या रोगात पंथाची खूण आपोआप लपते. आणि बारवेची देखभाल पंथाच्या हाती असल्यानं कुणी रहाट बसवू म्हणालं, पायऱ्या बुजवून कठडा बांधू म्हणालं, की त्याला धर्मबुडवा ठरवायला पंथ चावडीवर हजर असतो. पंथाचा खरा शत्रू तलवार घेतलेला वीर नव्हे, कठडा बांधणारा गवंडी आहे.

रोगाबरोबर देवाला कुजण्याचंही अंग द्यायचं असेल तर पाण्यातून जमिनीवर यावं लागेल. कुजायला ओल लागते, असं आपण गृहीत धरतो. मराठवाड्यातली रब्बी ज्वारी याला अपवाद दाखवते. फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत जमिनीतली ओल तुटली आणि ऊन वाढलं की खडखड्या येतो. जमिनीतली बुरशी ताटाच्या बुडख्यात शिरते, आतला गर विरून नुसते धागे उरतात, त्यांवर मोहरीहून बारीक काळे कण दिसतात. वरून ताट धड दिसतं, वारा आला की खडखडतं आणि आडवं होतं. दुष्काळातली, कोरडी कूज! तळोबाचं पाणी आटलं तर त्याचा कोप कसा दिसेल, याचं उत्तर रानातच उभं आहे.

दुसरी जागा म्हणजे पेव. निचऱ्याच्या, घट्ट मुरमाड जमिनीत खोदलेलं धान्याचं भुयार, तोंड अरुंद, आत पोट मोठं. कडेनं कडबा किंवा भूस लावायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड बसवून माती लिंपायची. दाण्यात ओल साधारण १२ टक्क्यांच्या आत असली तर माल टिकतो. जास्त असली, किंवा बाजूनं पाणी झिरपलं, तर भिंतीलगतची ज्वारी काळी पडते, तिचं कवच होतं आणि मधला माल पुष्कळदा शाबूत राहतो. धान्य श्वास घेतं, बुरशी श्वास घेते, आतला ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेहून जड, म्हणून तळाशी बसतो. जाणती माणसं पेव उघडल्याबरोबर उतरत नाहीत, वाफ जाऊ देतात, दिवा सोडून पाहतात. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास आला की दिवा विझतो. पण दिवा जळतोय म्हणून जागा सुरक्षित आहे असं नाही, दिवा जळत असतानाही घातक इतका कार्बन डायऑक्साइड असू शकतो.

कथेसाठी याहून चांगलं गर्भगृह मला सुचत नाही. पुजारी दिवा सोडतो, दिवा विझतो, म्हणजे देव घरी आहे. नवखा उतरतो, दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही कोसळतो. पेवात आणि विहिरीत माणसं जातात ती बहुतेक अशीच, एकामागून एक, वाचवायला गेलेली. पंथ म्हणेल, तळोबा जोडी मागतो. तुमच्या शहाण्या पात्राला एवढंच कळायला हवं की दोर कमरेला बांधल्याशिवाय उतरायचं नाही, आणि आत हवा खेळल्याशिवाय दुसऱ्यानं तर नाहीच नाही.

आणि कुजण्याची देणारी बाजू विसरू नका. उकिरडा आतून ६० अंशांपर्यंत तापतो, त्याच खतावर रान पिकतं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपण म्हणतोच. पंथाचं तत्त्वज्ञान इथून येऊ द्या. जे सडत नाही ते कुणाच्या उपयोगी पडत नाही, असं सांगणारा पुजारी ऐकणाऱ्याला निरुत्तर करू शकतो.

हा सगळा डोलारा नारूवर उभा आहे. रोग बदला, म्हणजे पंथ बदलतो. देवीचा रोग घ्या. लागण झाल्यापासून सुमारे १२ दिवसांनी ताप, मग पुरळ, शेवटची खपली पडेपर्यंत संसर्ग. दहांतली तीन माणसं जायची. पण जे वाचले त्यांना तो रोग सहसा पुन्हा होत नसे. म्हणजे इथे पंथ वाचलेल्यांचा होईल. चेहऱ्यावर वण असलेली माणसं रोग्याच्या खोलीत बिनधास्त वावरतात, पाणी पाजतात, प्रेत उचलतात, आणि त्यांना काही होत नाही. काठावरून पाहणाऱ्याला हा साक्षात वर वाटेल. साथीच्या दिवसांत अशा माणसांच्या हाती सगळ्या घरांच्या किल्ल्या येतात. पण त्यांचा देव गावात टिकत नाही. सगळे एक तर मेले किंवा वाचले, की पेटायला काही उरत नाही, नवी पोरं जन्मून मोठी होईपर्यंत देव दूर राहतो. नारूचं उलट आहे. तो झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, दरवर्षी होऊ शकतो. म्हणून तळोबाचे भक्त आयुष्यभर बांधलेले, आणि देवीच्या पंथाचे लोक एका साथीपुरते सत्ताधीश. प्लेग घ्याल तर पिसवा, उंदीर, धान्याची कोठारं आणि बाजारपेठेचे रस्ते येतील, पैठणहून तेरकडे जाणारे जुने तांडे येतील. आयुर्वेदातल्या चरकानं आपल्या ग्रंथाच्या विमानस्थान या भागात जनपदोद्ध्वंसाची, म्हणजे अख्खा मुलूख उद्ध्वस्त करणाऱ्या साथीची, चार कारणं दिली आहेत: बिघडलेली हवा, पाणी, देश आणि काळ. देव रचायला बसाल तेव्हा या चारांपैकी एकच निवडा. चारही वाटांनी येणारा देव वाचकाच्या हाती कधी लागत नाही.

कुष्ठरोगाबद्दल वेगळं सांगायला हवं. झडलेली बोटं, बसलेलं नाक हे पंथाच्या पुजाऱ्याचं चित्र म्हणून वापरण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. तो अतिशय सावकाश पसरणारा, औषधानं पूर्ण बरा होणारा रोग आहे, आणि त्याच्यापेक्षा लोकांच्या नजरेनं माणसं जास्त मारली आहेत. तुमच्या देवाचा पुजारी धडधाकट, हसतमुख आणि मदतीला धावणारा असू द्या. भीती त्यातूनच वाढते.

खेळ चालवणाऱ्यांसाठी थोडं. कुणी कुठलं पाणी प्यायलं याची नोंद पहिल्या बैठकीपासून गुपचूप ठेवा. न गाळलेलं बारवेचं पाणी प्यायलेल्या प्रत्येक पात्रासाठी सहा बाजूंचा फासा पडद्याआड टाका, एक किंवा दोन आलं तर त्याच्या नावापुढे खूण करा आणि कथेतले दहा महिने गप्प बसा. घाई केली तर सगळा परिणाम जातो. एका निष्कर्षाकडे नेणाऱ्या किमान तीन खुणा पेरा, कारण दोन खेळाडूंच्या नजरेतून हमखास निसटतात. एकाच महिन्यात लंगडणारी माणसं, जपलेल्या काड्या, आणि पाहुण्यानं घागरीवर फडकं बांधलं की यजमानाचा बदललेला चेहरा. बारवेच्या पाण्याचा पेला उजेडात धरणारा खेळाडू भेटला तर त्याला चौथी खूण बक्षीस द्या.

आता पाडाव. तळोबा मंत्रानं मरणार नाही. त्याला औषध नाही, लसही नाही, खऱ्या नारूलाही नाही. सुती कापडाची दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर बांधली की जलपिसू वर अडकतो आणि चक्र तुटतं. शिवाय ज्याला फोड आला आहे त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. करायच्या गोष्टी एवढ्याच. पण त्या प्रत्येक घरानं, प्रत्येक घागरीला करायच्या, आणि निदान चौदा महिने, कारण आज गाळायला लागलात तरी गेल्या चैत्रात प्यायलेला देव पुढच्या उन्हाळ्यात बाहेर येणारच आहे. भारतानं १९८३-८४ च्या सुमाराला नारूनिर्मूलनाचं काम हाती घेतलं. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसवले, गाळणी वाटली, पाण्यात जलपिसू मारणारं औषध टाकलं, गावोगाव रुग्ण शोधले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. एका रात्रीच्या लढाईपेक्षा हा शेवट लिहायला अवघड आहे. चौदा महिने पायऱ्यांवर पहारा करणारी चार माणसं, आगीनं तळमळणारा, हात जोडून पाण्याकडे सोडा म्हणणारा शेजारी, आणि त्याला धरून ठेवणारी त्याचीच बायको. तिच्या हातात बादली आहे. बादलीतल्या पाण्यात पाय बुडवला तरी आग थांबते, फक्त ते पाणी नंतर बारवेपासून लांब, कोरड्या मातीत ओतायचं. देवाच्या हाकेला भक्ताला त्रास न देता उत्तर देता येतं, हे तिला सुचतं की तुमच्या नायकाला, हे तुम्ही ठरवा. तिला सुचलेलं मला आवडेल.

आणि दुसरा भाग लिहायचा असेल तर चाडचं उदाहरण हाताशी ठेवा. आफ्रिकेतल्या या देशात सुमारे दहा वर्षं नारूचा एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. २०१० मध्ये तो पुन्हा दिसला आणि २०१२ पासून कुत्र्यांमध्ये सापडू लागला, माणसांपेक्षा कितीतरी जास्त. नदीकाठी मासे साफ करून टाकलेली आतडी कुत्री खातात, हा तिथे संशयाचा मोठा धागा ठरला. म्हणून लोकांना ती आतडी पुरायला सांगितली गेली, नारू असलेली कुत्री बांधून ठेवायला लावली, आणि खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. तेव्हा गोदाकाठच्या एखाद्या वस्तीत, पंथ मोडून वीस वर्षं झाल्यावर, एक राखणीचा कुत्रा लंगडत डोहात उतरतो आणि बाहेर यायला तयार होत नाही, इथून सुरुवात करा. पंथात एकही माणूस उरलेला नाही, तरी उतरण चालू आहे. या वेळी तुमच्या पात्रांना प्रत्येक घरचा कुत्रा बांधायला लोकांना राजी करावं लागेल.